मामा-भाचीच्या विवाहातून उत्परिवर्तनाचा वेग कळतो का?

प्रश्न (शिक्षिका, सोलापूर):
कनिष्ठ महाविद्यालयात जनुकशास्त्र शिकवताना आमच्याकडची मुले हमखास विचारतात, की आईवडील मामा-भाची असतील तर मुलांत नवी उत्परिवर्तने (डीएनएमधील बदल) जास्त होतात का. नाही, असे मी सांगते. पण पिढीगणिक वेग मोजतात कसा, हे मला नीट मांडता येत नाही.

पहिले उत्तर:
मॅडम, आपण बरोबर सांगता. नात्यातील विवाहाने उत्परिवर्तने वाढत नाहीत, आधीच दडलेली अप्रभावी जनुके दोन्हीकडून एकत्र येतात. वेग मोजण्यासाठी आई, वडील आणि मूल या तिघांचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचून दोघांपैकी कोणाकडेच नसलेले बदल मुलात शोधतात. मुलाकडच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) मिळून डीएनएच्या ६०० कोटी अक्षरांत असे बदल साधारण ७० सापडतात, म्हणजे दर पिढीला दहा कोटी अक्षरांमागे सुमारे १.२. आइसलँडमधील २०१७ च्या अभ्यासानुसार वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे दीड नवा बदल वाढतो, आईच्या वयामागे त्याच्या चौथाईच.

दुसरे उत्तर:
मामा-भाचीचे उदाहरण मात्र सोडू नका, कारण त्यातच मोजणीची दुसरी, फार सुंदर रीत आहे. अशा मुलाच्या जीनोमचा सरासरी आठवा भाग दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून आलेला असतो, त्यामुळे तिथल्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असायला हव्यात. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे वाटेत नवे उत्परिवर्तन झालेले असते. पूर्वजाकडून मामामार्गे मुलापर्यंत दोन टप्पे, बहीण आणि भाचीमार्गे तीन, असे एकूण पाच. एका प्रतीच्या ३०० कोटींचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३७ कोटी अक्षरांत, वरचा वेग धरला तर, साधारण २२ फरक दिसावेत. मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवा. याच तत्त्वावर ब्रिटनमधील पाकिस्तानी वंशाच्या ३,२२२ व्यक्तींच्या जीनोममधील फक्त प्रथिनांची माहिती असलेल्या भागावरून (एक्झोम) २०१७ मध्ये दर पिढीला दहा कोटी अक्षरांमागे १.४५ हा आकडा काढण्यात आला.

शिक्षिका:
मनापासून आभार. पण आमच्याकडे आजी-आजोबाही नात्यातलेच असतात. मग टप्पे पाचच कसे धरायचे?

दुसरे उत्तर देणारे:
शंका रास्त आहे. अशा घरांत पाच धरणे चुकीचेच ठरेल. तेव्हा सारख्या तुकड्याची लांबी पाहतात. दर पिढीला गुणसूत्रांची अदलाबदल होऊन तुकडे तुटत जातात, म्हणून लांब तुकडा बहुधा जवळच्या पूर्वजाचा आणि आखूड तुकडा दूरच्या पूर्वजाचा असतो. त्यावरून टप्प्यांचा अंदाज बांधूनच भागाकार करतात.