नोकरी चालू असली तरी ५८ नंतर पेन्शन मिळते

'राजीनामा दिल्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही' असं वर एकांनी लिहिलंय. ईपीएस-९५ ला, म्हणजे पीएफसोबत मिळणाऱ्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेला, ते लागू नाही. दहा वर्षं सेवा झाली असेल, तर ५८ पूर्ण होताच फॉर्म १०-डी (पेन्शनचा अर्ज) भरा, त्याच कंपनीत कामावर असलात तरी. नोकरी सोडायची अट आहे ती ५० ते ५८ मध्ये कमी पेन्शन घेणाऱ्यांना.

पीएफचं पासबुक मात्र नक्की बघा. माझे वडील ५९ व्या वर्षीही कारखान्याच्या स्टोअरमध्ये जात होते आणि तिसऱ्या रकान्यात दर महिना १,२५० रुपये पेन्शन फंडात पडतच होते. ५८ नंतर मालकाचा तो वाटाही पीएफमध्ये जमा व्हायला हवा. ते दुरुस्त करून घेताना या वयात त्यांना खेटे घालावे लागले, याचं अजून वाईट वाटतं.

६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. पण ३,००० पेन्शन धरा: वर्गणी न भरता थांबलात तर दोन वर्षांचे ७२,००० सोडायचे आणि वाढ महिना अडीचशेच्याही आत. भरून निघायला चोवीसएक वर्षं. माझं मत, थांबू नका, आत्ताच अर्ज करा.