नाते संपले, पगार हातात आला, तरी खर्च करताना भीती वाटते

प्रश्न

चार वर्षांचे नाते तोडून मला आठ महिने झाले. आम्ही एकत्र राहत होतो, लग्न केलेले नव्हते. ‘हिशेबाचा ताप तुला कशाला’ असे म्हणत त्याने माझ्या पगाराच्या खात्याचा पासवर्ड सुरुवातीलाच स्वतःकडे घेतला आणि पुढे मला माझ्याच पैशांसाठी कारणे द्यावी लागू लागली. कारण पटले नाही तर तो ओरडत नसे. दोन-दोन दिवस अबोला धरी आणि नंतर ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हे इतक्या शांतपणे सांगे की मला माझ्याच आठवणीची शंका येई.

मागच्या आठवड्यात चष्म्याची तडकलेली काच बदलायला गेले. दुकानदाराने रक्कम सांगताच काच कशी तडकली, स्वस्तातली का घेतली नाही, याची उत्तरे मी मनातल्या मनात जुळवू लागले. विचारणारे कोणीच नव्हते, तरी काच न बदलता परत आले. हे कधी थांबते?

दुसरे असे, की त्याच्या गाडीच्या कर्जाला मी जामीनदार आहे आणि माझी बरीच रक्कम त्याच्याकडे अडकली आहे. ‘समोरासमोर बसून हिशेब मिटवू’ असे निरोप तो पाठवतो. जावे का? तो नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःलाच मोठे मानणारा आणि दुसऱ्याच्या भावनांची पर्वा नसलेला माणूस आहे, असे मैत्रिणी म्हणतात. मला ते ठामपणे सांगता येत नाही.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले आहे, म्हणून पैशांपुरतेच लिहितो. नाते तुटले म्हणून जामीनदारी तुटत नाही. त्याने हप्ते थकवले तर बँक वसुलीसाठी तुमच्याकडे येऊ शकते आणि या जबाबदारीतून तुम्हाला मोकळे करणे त्याच्या नव्हे, बँकेच्या हाती असते. तेव्हा त्याला भेटण्याआधी बँकेला लेखी अर्ज द्या, कर्जखात्याची आजची स्थिती मागवा आणि दुसरा जामीनदार घेण्याची विनंती करा. बँक ती मान्य करीलच असे नाही, पण थकबाकी आहे की नाही हे तरी त्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, तीही काढा. आपल्या नावावर कर्ज आहे हे माणसाला कधी कधी तिथेच पहिल्यांदा कळते.

पासवर्ड बदलला असेलच, पण तेवढ्याने भागत नाही. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचे आहेत, ओटीपी कोणाच्या फोनवर जातो, जुन्या कोणत्या उपकरणावर लॉगिन उघडे राहिले आहे, वारसनोंद कोणाच्या नावाने आहे, हे एकेक करून तपासा, आणि हे काम त्याचा हात कधीच न लागलेल्या फोनवरून करा. त्याच्या नावे तुमच्या कार्डावर पुरवणी कार्ड असेल तर ते आजच बंद करा, कारण त्यावरच्या खर्चाचे बिल मुख्य कार्डधारकालाच भरावे लागते.

प्रतिसाद २

मी समुपदेशक आहे. तो नार्सिसिस्ट आहे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवलात तरी चालेल. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत १९८० पासून आहे. तिथे दिलेल्या ९ निकषांपैकी किमान ५ लागू पडावे लागतात आणि ते प्रत्यक्ष तपासणीनंतर तज्ज्ञानेच ठरवायचे असते. निदान काहीही निघो, तुमच्याशी जे झाले त्याला आर्थिक छळ म्हणतात. भारताच्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही तो कायदा लागू होऊ शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर असे सततचे नियंत्रण ठेवणे २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरले.

दुकानात जे झाले तो तुमचा दुबळेपणा नव्हे. चार वर्षे प्रत्येक खर्चामागे उलटतपासणी होत असेल, तर मन प्रश्न येण्याआधीच उत्तर तयार ठेवायला शिकते, कारण तेव्हा त्यानेच अबोला टळत असे. समोरचा माणूस गेला तरी ही सवय तशीच मागे राहते. ती मोडायची तर दरमहा एक छोटी रक्कम अशी बाजूला काढा, की जिचा हिशेब तुम्ही स्वतःलाही देणार नाही. पहिल्या खर्चानंतर छातीत धडधडेल. ती ओसरेपर्यंत वस्तू परत करू नका. आठवणीची शंका येते त्यासाठी झालेल्या प्रसंगांची तारखेसह नोंद ठेवा. झोप उडत असेल किंवा जगणे नको वाटत असेल तर मात्र प्रत्यक्ष मदत घ्यायला उशीर करू नये.

प्रतिसाद ३

मी पुरुष आहे आणि यातून गेलो आहे. आमच्याकडे पगार तिच्या हाती असे. हिशेब मिटवायला मी तीनदा भेटलो. तिन्ही वेळा बोलणे झाले ते माझ्या कृतघ्नपणावर, आणि रक्कम होती तिथेच राहिली. शेवटी वकिलामार्फत पत्र पाठवले, काही पैसे मिळाले, उरलेल्यांवर पाणी सोडले. भेटू नका, जे असेल ते लेखी कळवायला सांगा. तिची आठवण मात्र त्यानंतरही येत राहिली. कठोर वागणुकीत मधूनच मिळणारी माया विसरायला सर्वांत अवघड जाते, एवढे अनुभवाने सांगतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. बँकेत अर्ज दिला. कर्जाचे दोन हप्ते थकलेले निघाले. त्याच्या एकाही निरोपात याचा उल्लेख नव्हता. भेटणार नाही, असे त्याला एका ओळीत कळवले आहे आणि वकिलाची वेळ घेतली आहे. काचही बदलली. पावती अजून पाकिटातच आहे, ती काही टाकवत नाही.