बारावी आर्ट्स झाली, तरी नर्सिंग करता येतं

ताई, भाची बारावी आर्ट्सची म्हणून नर्सिंगचा विचार सोडावा का, असं तुम्ही विचारलंत. मुळीच सोडू नका! 4 वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. पण 2 वर्षांचं एएनएम (सहायक नर्स आणि सुईणीचा कोर्स) आणि 3 वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) आर्ट्सच्या मुलींनाही करता येतं. फक्त कॉलेजला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे ना, आणि प्रॅक्टिकलला मुली कोणत्या दवाखान्यात जातात, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघा.

मी जीएनएम करून नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे काम केलंय. तिथे सातपुड्यात सिकलसेल हा आईबापांकडून मुलांना येणारा रक्ताचा आजार खूप. आईबाप दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढे देऊ शकत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, हे परीक्षेत मी चटकन लिहिलं होतं. पण फक्त पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलणाऱ्या बाईला ते सांगताना माझी जीभच अडली. "पहिलं पोर आजारी, म्हणजे पुढची तिन्ही चांगली ना?" असं ती विचारत होती. तसं नसतं, दर वेळी धोका तेवढाच, हे समजवायला अर्धा तास गेला, तोही आशाताई मदतीला होत्या म्हणून.

तुमची भाची शहाद्याची, अहिराणी येतेच तिला. सुट्टीत पावरीही शिकू द्या.