उलटी वाहणारी नदी: तुमचे अनुभव लिहा

भरतीचं पाणी आत शिरतं अशा नदीच्या काठी मी दोन वर्षं राहिले. टोकाला निळी दोरी अडकलेला एक ओंडका सकाळी समुद्राकडे गेला आणि दुपारी तोच, तीच दोरी घेऊन, माझ्यासमोरून वर निघाला! त्या दिवसापासून मी या नद्यांच्या प्रेमात आहे. भरतीचं वेळापत्रक रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतं, तसा तिथला माझा दिवसही सरकायचा. तुम्हीही अशी नदी जवळून पाहिली असेल तर जरूर लिहा.

०००

मी वल्हवायला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. धक्क्याच्या खांबावर बोटभर ओला पट्टा उघडा पडलेला दिसला. म्हटलं, ओहोटी लागली, आता पाण्याच्या ओढीनं आरामात खाली जाऊ. होडी सोडली तर ती वरच चालली! पातळी उतरू लागली तरी आत निघालेलं पाणी लगेच थांबत नाही, त्याचा जोर ओसरायला वेळ लागतो. तेव्हापासून खांबाकडे बघून निघत नाही. आधी वाहता पालापाचोळा बघतो.

०००

कोलकात्याला हुगळीच्या घाटावर 'बान', म्हणजे भरतीबरोबर नदीत उलटी चढत येणारी लाट, पाहिला. पौर्णिमेनंतरचं उधाण होतं. नावाडी काठाच्या नावा सोडून भराभर नदीच्या मध्याकडे नेऊ लागले. मला ते उलटंच वाटलं, पण लाट उथळ काठाशी जास्त उभी होते आणि मध्यावर नाव नुसती उचलली जाते. मुख रुंद, आत नदी निमुळती आणि उथळ, त्यामुळे भरतीचं पाणी मागून दाटत येतं आणि त्याची भिंत होते. चीनमधल्या छियनथांग नदीची लाट याहून कितीतरी मोठी. ती एकदा पाहायचीच आहे.

०००

वरच्या ओंडक्यावरून आठवलं. हडसन नदीला तिथल्या मूळ रहिवाशांनी दिलेल्या नावाचा अर्थच 'दोन्हीकडे वाहणारं पाणी' असा सांगतात. किती नेमकं नाव!

०००

मी नदीच्या पाण्याची क्षारता मोजायचे. एकाच जागी वरची बाटली जवळजवळ गोडी आणि तळाची खारट, असं कितीदा झालंय. खारं पाणी जड, ते तळाशी पाचरीसारखं आत घुसतं. पाऊसकाळ संपून नदीचा ओघ घटला की ही पाचर आणखी वर सरकते, आणि पिण्याचं पाणी उचलणाऱ्यांची झोप उडते. पण भरती पोचली म्हणजे खारं पाणी पोचलंच, असं नाही. ॲमेझॉनमध्ये मुखापासून सुमारे ८०० किलोमीटर आत, ओबिदोसपर्यंत भरतीचा परिणाम जाणवतो, आणि तिथलं पाणी गोडंच. समुद्र वाट अडवतो, म्हणून नदी तुंबून चढते.

०००

आमच्या घराला नदीकडे उतरणाऱ्या नऊ पायऱ्या होत्या. एका अमावास्येला दिवसभराचा पाऊस संध्याकाळी थांबला, आम्ही सुटकेचा श्वास सोडला, आणि पाणी पायऱ्या चढतच राहिलं. वरून पूर, खालून उधाण, पाण्याला जायला जागाच नाही. मी दर पंधरा मिनिटांनी बॅटरी घेऊन खडूची खूण करत होतो. रात्री दीडच्या सुमारास दोन खुणा एकाच ओळीत आल्या. आई म्हणाली, "अजून एकदा बघ." पुढच्या वेळी खडूच्या रेघेखाली चार बोटं ओला दगड दिसला. तेव्हा कुठे ती जाऊन आडवी झाली.