क्लोन अ‍ॅम्पचा बोर्ड: ‘ओरिजिनल’ म्हणून लावलेले भाग खरे की खोटे?

तारजाळं (प्रश्न)
एका नावाजलेल्या जुन्या पॉवर अ‍ॅम्पची नक्कल असलेला स्टिरिओ बोर्ड आहे. नक्कल आहे हे विकणाऱ्याने लपवलेलं नाही, पण भाग सगळे ओरिजिनल असल्याचा दावा आहे. दर चॅनेलला तोशिबाच्या २एससी५२०० / २एसए१९४३ (एनपीएन / पीएनपी आउटपुट ट्रान्झिस्टर) च्या दोन जोड्या, इनपुटला ओपीए६२७ हा ऑप-अ‍ॅम्प, फिल्टरला १०,००० मायक्रोफॅराड ६३ व्होल्टचे कपॅसिटर. सप्लाय ±४५ व्होल्ट. अजून वीज दिलेली नाही. अ‍ॅसिटोनने पुसून पाहिलं, छपाई हलली नाही. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर, करंट लिमिटचा बेंच सप्लाय, जनरेटर आणि स्कोप आहे. आधी काय तपासू?

अर्धवाहक
अ‍ॅसिटोनवर विसंबू नका. त्याला दाद न देणारे काळे लेप आता सर्रास वापरतात. लोगोवरही जाऊ नका: २एससी५२०० हा नंबर तोशिबाखेरीज एसटी आणि फेअरचाइल्डनेही वापरला आहे, त्यामुळे दुसरा लोगो म्हणजे बनावट असं नाही. तोशिबाचा लोगो असून आत भलतंच, ही खरी फसवणूक.

आउटपुट ट्रान्झिस्टर आधी घ्या, कारण ते गेले तर स्पीकर घेऊन जातात. अस्सल भाग २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॅटचा. बनावटीत मोठ्या प्लास्टिकखाली कमी वॅटच्या ट्रान्झिस्टरची चिमुकली चिप असते. डायोड रेंजवर, साध्या एचएफई (करंट गेन) टेस्टरवर ती बिनबोभाट पास होते.

चिपचा आकार न फोडता कळतो तो कलेक्टर-बेस कपॅसिटन्सवरून. भाग बोर्डवरून काढा, एमिटर मोकळा ठेवा. एनपीएनला मीटरची धन वायर कलेक्टरला, ऋण बेसला, पीएनपीला उलट. नाहीतर काही मीटर जंक्शन फॉरवर्ड करतात आणि आकडा वाटेल तो येतो. वायरींचा कपॅसिटन्स आधी शून्य करून घ्या. डेटाशीटमध्ये १० व्होल्ट रिव्हर्सला एनपीएनचा २०० पिकोफॅराड आणि पीएनपीचा ३६० पिकोफॅराड दिला आहे. मीटर त्यापेक्षा खूप कमी व्होल्टवर मोजतो, म्हणून अस्सल भागाचा आकडा यापेक्षा चांगलाच मोठा यायला हवा. त्याहून खाली आला तर चिप लहान आहे, पुढे काही तपासायची गरज नाही.

पोटेन्शिओ
वरच्या चाचणीने नापास ठरवता येतं, पास नाही. चिप मोठी पण हलक्या दर्जाची असेल तर? व्होल्ट आणि करंट एकदम द्यावेच लागतात, कारण बनावट भाग मरतात ते सेकंड ब्रेकडाउनने: चिपवर एकाच जागी उष्णता साठते आणि क्षणात शॉर्ट.

जाड हीटसिंक, माइका, पेस्ट. एमिटरला १ ओहम ५ वॅट, बेसला वेगळ्या छोट्या सप्लायमधून ४७० ओहम. कलेक्टर सप्लाय ४० व्होल्ट, लिमिट १.२ अँपिअर. बेसचा सप्लाय शून्यापासून चढवा. सहा-सात व्होल्टच्या आसपास १ अँपिअर मिळतो. ४० वॅट, दहा सेकंद. अस्सल भागाला हे काहीच नाही. केस २५ अंशांच्या वर गेली की दर अंशाला १.२ वॅट कमी धरायचे, तरी भरपूर उरतात. पीएनपीला सगळे ध्रुव उलटे. डोळ्यांवर चष्मा हवाच, प्लास्टिक उडतं.

अर्धवाहक
मान्य. फक्त हे आधी एकाच भागावर करा. आठही रांगेत लावून बसू नका.

शून्य_ऑफसेट
ओपीए६२७ महाग आणि नाव मोठं, म्हणून त्याचे बनावट भाग फार. सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे रिकामा करंट. ±१५ व्होल्ट, आउटपुट इन्व्हर्टिंग इनपुटला जोडून फॉलोअर, दुसरी इनपुट ग्राउंडला, लोड नाही. धन सप्लायच्या वायरीत मिलिअँपिअर मीटर. अस्सल भाग सुमारे ७ घेतो, स्वस्तातला ऑप-अ‍ॅम्प टीएल०७१ दीडच्या आसपास. १.४ दिसलं की कोणाचं रूपांतर केलंय ते कळतं.

करंट जुळला तर स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुटचा व्होल्टेज किती वेगाने बदलू शकतो ते. त्याच फॉलोअरला २० व्होल्ट पीक-टू-पीक चौकोनी लहर द्या. ६२७ चा वेग मायक्रोसेकंदाला ५५ व्होल्ट, म्हणजे चढ ०.४ मायक्रोसेकंदाच्या आत. टीएल०७१ सारखा मायक्रोसेकंदाला १३ व्होल्टवाला भाग दीड मायक्रोसेकंद घेतो, स्कोपवर उतार डोळ्यांना दिसतो. जनरेटरची स्वतःची कड आधी पाहून घ्या. आणि १०० नॅनोफॅराडचे दोन कपॅसिटर अगदी पायांशी लावा. नाही लावले तर अस्सल भागही ऑसिलेट होतो आणि उगाच खोटा ठरतो.

ऐकून ओळखायचा प्रयत्न सोडा. टीएल०७१ वाईट वाजत नाही, म्हणून तर हा धंदा चालतो.

तारजाळं
सुरुवात केली. एनपीएन चारही १३५ ते १४५ पिकोफॅराड, पीएनपी १५० च्या आसपास. ऑप-अ‍ॅम्प ६.९ मिलिअँपिअर घेतो. कपॅसिटरचं काय?

अर्धवाहक
आठही बाद. पोटेन्शिओची चाचणी करायचीही गरज नाही. नवे बसवताना एका चॅनेलचे सगळे एकाच एचएफई गटातले घ्या. आर म्हणजे ५५ ते ११०, ओ म्हणजे ८० ते १६०. बायसचा (सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट ठरवणारा) ट्रिमर आधी सर्वात कमी बायसवर आणा, बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला खरंच टेकतोय का बघा (सर्किट जसंच्या तसं उचललेलं असतं, पण हा नेमका बोर्डच्या मध्ये उभा असतो), आणि पहिली वीज मेन्सला ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावून.

पोटेन्शिओ
ऑप-अ‍ॅम्पचा करंट जुळतोय, तरी स्ल्यू रेट बघाच.

कपॅसिटर: १ किलोओहम ५ वॅटमधून ६३ व्होल्ट द्या. चार्ज झाल्यावर रेझिस्टरवरचा व्होल्टेज हाच गळतीचा आकडा, १ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. तो मिनिटागणिक उतरत जायला हवा. ५० व्होल्टच्या डब्याला ६३ चं कव्हर चढवलेलं असेल तर उतरत नाही, उलट चढतो. तसं दिसताच सप्लाय बंद. ६३ व्होल्टला आत जवळपास २० ज्यूल असतात. ४७० ओहम १० वॅटमधून अर्धा मिनिट डिस्चार्ज करून, मीटरने खात्री करून मगच हात लावा.