'शिक्षकांवरील मूल्यसंस्कार' म्हणता येईल का?

शाईदौत:
बी.एड.च्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. पाचव्या प्रकरणाचं मूळ नाव 'व्हॅल्यू फॉर्मेशन ऑफ द टीचर'. मुलांना मूल्यं कशी शिकवावीत हा त्याचा विषय नाही. नोकरीला लागल्यावर शिक्षकाची स्वतःची नीतिमूल्यं कशी घडत जातात, हा आहे. मी मथळा केला 'शिक्षकांवरील मूल्यसंस्कार'. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी तीस वर्षं शिकवलंय. त्यांनी शेजारी लाल शाईत लिहिलं, "आमच्यावर संस्कार करणार कोण?"

आधी राग आला. मग वाटलं, त्यांचं खरं आहे. संस्कार म्हटलं की करणारा एक आणि ज्याच्यावर होतात तो दुसरा, आणि हा दुसरा वयाने लहान. चाळिशीतल्या माणसावर संस्कार झाले असं आपण म्हणत नाही. शब्द सुचवा. 'मूल्यनिर्मिती' नको, कारखान्याचा वास येतो.

पाटीपेन्सिल:
'मूल्य' ठेवलंत तर शिक्षक भलतंच समजतील. आम्ही डी.एड.ला दहा मूल्यं पाठ केली होती: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता. क्रम चुकला असेल, पण दहा भरली. परिपाठाला रोज त्यातलं एक. तेव्हापासून मूल्य म्हणजे फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची गोष्ट. त्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकखोलीत 'मूल्य' ऐकलं की हात आधी नोंदवहीकडे जातो. मी सरळ 'शिक्षकाची नितीमूल्ये' असा मथळा करीन.

ऱ्हस्वदीर्घ:
'नितीमूल्ये' नव्हे, 'नीतिमूल्ये'. पहिली वेलांटी दुसरी, दुसरी वेलांटी पहिली. सुटा शब्द 'नीती', समासात 'नीति'. शिक्षकांच्या पुस्तिकेत तरी हे चुकू नये.

आता मुद्द्याचं. 'मूल्य' हा शब्दच इथे उपरा आहे. संस्कृतात मूल्य म्हणजे किंमत किंवा मजुरी. त्याचंच मराठीत 'मोल' झालं आणि मोलमजुरी, मोलकरीण, मोलभाव या सगळ्यांत तो जुना अर्थ शाबूत आहे. इंग्रजीत एकाच शब्दाला किंमत आणि सद्गुण असे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून आपणही मूल्यावर दुसरं ओझं लादलं. आपला शब्द नीती. 'नी' म्हणजे नेणे. नेते ती नीती. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्याच्या सुरुवातीला "मतिविना नीति गेली, नीतिविना गति गेली" असं लिहिलं. तिथे 'मूल्य' घालून बघा.

ओवी:
फुल्यांची साखळी पूर्ण म्हणा ना सर. ती 'विद्येविना मति गेली' इथून सुरू होते. नीती तिसऱ्या पायरीवर आहे, आधी विद्या, मग मती. नीती वरून ओतता येत नाही असंच ते सांगतायत.

मी 'शील' सुचवते. आमच्या घरात प्रज्ञा, शील, करुणा हे शब्द पंचशीलाबरोबर लहानपणापासून कानावर आहेत. शील दुसरा कोणी करत नाही, स्वतः पाळायचं असतं.

शाईदौत:
ओवीताई, अर्थाने अगदी नेमका शब्द. पण वर्तमानपत्रात 'शील' पुढे 'भंग' घेऊनच येतो, याची धास्ती वाटते. 'चारित्र्य' याच कारणासाठी सोडला. चारित्र्यावर संशय म्हटलं की मराठी वाचक एकाच बाबतीत संशय घेतो, आणि तोही बहुतेकदा बाईवर. शिक्षकाने गुणपत्रिकेत खाडाखोड केली तर त्याचं चारित्र्य बिघडलं असं कोणी म्हणत नाही.

ओवी:
म्हणून तर वापरायला हवा. तुम्ही शब्द सोडलात की तो त्या बातमीवाल्यांचाच होतो.

काढेवाला:
मी वैद्य आहे, शिक्षक नाही, तरी 'संस्कार'च्या बाजूने उभा राहतो. चरकसंहितेत, विमानस्थान नावाच्या विभागाच्या पहिल्या अध्यायात व्याख्या आहे: "संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते". मूळ द्रव्यात वेगळा गुण आणणे म्हणजे संस्कार. तो कशाने होतो याची यादीही तिथेच आहे: पाणी, अग्नी, धुणं, घुसळणं, जागा, काळ, आणि ज्यात ठेवलं ते भांडं. साळी पचायला जड, त्याच साळीच्या लाह्या हलक्या. म्हणजे संस्कार करायला वडीलधारा माणूस लागतोच असं नाही. भांडंसुद्धा संस्कार करतं. शाळा हे भांडं आहे. बाईंच्या "कोण करणार" या प्रश्नाला हे उत्तर द्या.

पाटीपेन्सिल:
वैद्यबुवा, व्याख्या सुंदर आहे, पण माझ्या गल्लीत उन्हाळ्यात 'संस्कार वर्ग' भरतो, त्याच्या फलकावर चरक नाही, हात जोडलेली दोन मुलं आहेत. वाचक शब्द ऐकतो तेव्हा त्याला तो फलक दिसतो.

ऱ्हस्वदीर्घ:
वाचकाला जे दिसतं तोच अर्थ मानायचा, तर कोश जाळून टाकू.

निवृत्तमास्तर:
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो.

मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं. दहावीचं केंद्र आमच्याच शाळेत असायचं. एका वर्षी वरून सांगण्यात आलं की निकाल पडला तर तुकडी जाईल, तुकडी गेली तर तुमच्यातलेच दोघे अतिरिक्त ठरतील. कॉपी करू द्या असं कोणी म्हणालं नाही. एवढंच सांगितलं. भूमितीच्या पेपरला मी दोन तास खिडकीपाशी बाहेर बघत उभा राहिलो. मागे कागदांचा आवाज येत होता.

निकालानंतर एक मुलगा घरी आला. स्वतःच्या डोक्याने पेपर लिहिणारा होता. त्याला मागच्या बाकावरच्यांपेक्षा कमी गुण पडले होते. तक्रार करायला नव्हता आला, पेढे घेऊन आला होता. जाताना म्हणाला, "सर, खिडकीबाहेर काय होतं?" खरंच विचारत होता, टोमणा नव्हता. मी म्हणालो, काही नाही. पुढच्या वर्षीपासून मी पर्यवेक्षण पाठ फिरवून केलं नाही. त्यापायी जे बोलून घ्यावं लागलं ते घेतलं.

याला माझ्यावरचा संस्कार म्हणा असं मला नाही वाटत. मूल्य तर नाहीच. घरी मी एवढंच म्हणालो होतो, "पोराचं बोलणं लागलं." मराठीत हे 'लागणे' आहे बघा. ठेच लागते, सवय लागते, वळण लागतं, एखादा शब्द मनाला लागतो. यात करणारा कोणी नसतो. वळण 'लावणे' ही मुलांच्या बाबतीतली गोष्ट. मोठ्या माणसाला वळण लागतं, आपोआप, कधीकधी फार उशिरा. शाईदौतताई, मथळा कसा करायचा ते मला सांगता येणार नाही, पण क्रियापद तुमच्याकडे आहे.

शाईदौत:
मास्तर, हे वाचून काम बाजूला ठेवलं. 'लावणे'च्या जागी 'लागणे', 'करणे'च्या जागी 'होणे'. संस्कार'वर' होतात, या 'वर'मध्येच माझी अडचण होती. फक्त याचं नाम होत नाही. 'शिक्षकाला लागलेलं वळण' म्हटलं तर वाईट सवयीसारखं ऐकू येतं.

तळकोकण:
मग 'रुजणे' घ्या, तेही अकर्मक आहे. अहवालांत सगळे 'मूल्ये रुजवणे' आणि 'बिंबवणे' एकाच अर्थाने लिहितात, ते मला खटकतं. बिंबवणं म्हणजे वरून ठसा. रुजणं आतून. आमच्याकडे पेरणीआधी भात भिजवून, गोणपाटात बांधून, वर दगड ठेवून रुजत घालायचे. आई दिवसातून दोनदा हात घालून ऊब बघायची. दाणा फुटायचा तो आपल्या वेळेनेच. दगड दाबायला नसे, ऊब कोंडायला असे. 'शिक्षकात मूल्ये रुजताना' असा मथळा का नको?

ऱ्हस्वदीर्घ:
चालेल. 'मूल्ये' काढलीत तर आणखी चालेल.

तिसरंवर्ष:
मी शिक्षणसेवक होतो, प्राथमिकला, महिना 6000 च्या काळात. 2000 साली योजना आली तेव्हा 3000 होते, 2023 मध्ये 16000 झाले, म्हणजे मी मधल्या पिकातला. या चर्चेत एक शब्द कोणी घेतला नाही. आमच्या 6000 ला कागदोपत्री 'मानधन' म्हणत. तीन वर्षं पगार नाही, मानधन. पदवीधर माणसाला 'सेवक' म्हणायचं आणि त्याच्या मजुरीला 'मान'. खोलीचं भाडं, गाडीचं पेट्रोल, घरी पाठवायचे पैसे, यात शिक्षकाची नीतिमूल्यं घडतात की मोडतात हे प्रकरण पाचमध्ये आहे का? गावात कोणी शिकवणी घ्या म्हणालं तेव्हा स्वतःच्याच वर्गातल्या मुलांचे पैसे घ्यायचे की नाही, हा प्रश्न मला याच शब्दामुळे पडला. नाही घेतले. पण दोन महिने रोज हिशेब केला.

शाईदौत:
नाही. पैशाबद्दल त्या प्रकरणात एक ओळही नाही. तळटीप देता येते का ते विचारते.

ऱ्हस्वदीर्घ:
'मानधन' संस्कृतात बहुव्रीही आहे. मान हेच ज्याचं धन तो. मिळणाऱ्या रकमेला नाही, माणसाला म्हणतात. भारवीच्या 'किरातार्जुनीय' या संस्कृत महाकाव्यात, पहिल्या सर्गात, दुर्योधनाच्या योद्ध्यांचं वर्णन आहे: "महौजसो मानधना धनार्चिताः". मराठीने माणसाचं विशेषण काढून रकमेला दिलं. हा अर्थबदल मला मान्य नाही.

तिसरंवर्ष:
सर, त्या ओळीत 'मानधन'च्या पुढचा शब्दही आहे. 'धनार्चित'. धनाने गौरवलेले. मान हे धन मानणाऱ्यांनाही राजा पैसे देत होता.

ऱ्हस्वदीर्घ:
बरोबर. आहे तो शब्द.

तिसरंवर्ष:
त्याला रोजच्या मराठीत काय म्हणतात, कोणी सांगेल का?