हवाबंद पिशवीतल्या मक्याला कुबट वास का येतो?

प्रश्न
मळणीनंतर मका उन्हात वाळवून हवाबंद पिशव्यांत भरला आहे. सोंडे दिसत नाहीत, पण पिशवी उघडली की कुबट वास येतो आणि वरच्या थरातले दाणे एकमेकांना चिकटलेले असतात. दोष पिशवीचा की वाळवण्याचा? ओलावामापक नसेल तर मका वाळला हे ओळखायचं कसं?

उत्तर १
वाळवण्याचा. पिशवी हवेबरोबर ओलावाही कोंडते. दाणे, कीड आणि बुरशी आतला ऑक्सिजन वापरतात. तो ५ टक्क्यांच्या खाली गेला की सोंडे खाणं सोडतात आणि पुढे मरतात. म्हणून कीड दिसत नाही. पण ऑक्सिजन संपेपर्यंत ओल्या दाण्यावर बुरशी वाढून घेते आणि नंतर दाणा आंबू लागतो. मका १३ टक्के ओलाव्यापर्यंत उतरल्याशिवाय तोंड बांधू नका.

पुष्कळ जण वजन घटेल म्हणून वाळवणं अर्ध्यावर सोडतात. १८ टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १३ टक्क्यांवर आणला की साधारण ९४ किलो भरतो. गेलेलं सहा किलो निव्वळ पाणी असतं.

उत्तर २
मापक नसेल तर मिठाची चाचणी करा. पाऊण लिटरची कोरडी काचेची बाटली, पाव किलो मका, दोन-तीन चमचे मीठ. मीठ आधी तव्यावर गरम करून पूर्ण कोरडं करा आणि थंड होऊ द्या, नाहीतर चाचणी फसते. झाकण लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे.

चिकटलं नाही तरी लगेच भरू नका. त्यावरून १५ च्या खाली एवढंच कळतं, १३ नाही. आणखी एक-दोन कडक उन्हं द्या.

उत्तर ३
फक्त वरचाच थर चिकटतोय, म्हणजे मका गरम असतानाच भरला असावा किंवा पिशव्यांवर थेट ऊन पडतंय. दिवसा तापलेल्या दाण्यांतली वाफ रात्री पिशवीच्या गार भागाशी निवते आणि तिथलेच दाणे भिजतात. वाळवलेला मका सावलीत पूर्ण निवू द्या, मगच भरा. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

चिकटलेले दाणे चांगल्यात मिसळू नका, जनावरांनाही घालू नका. त्यांत अस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं, आणि ते शिजवून जात नाही.